ईबुक रीडर घ्यावा की टॅबलेटवरच भागवावं?

पानपलट्या

फक्त वाचनासाठी असलेलं वेगळं यंत्र, म्हणजे किंडल, कोबो, पॉकेटबुक, बूक्स वगैरे, घेण्यासारखं आहे का, यावर सुट्या प्रतिसादांत बरंच लिहून झालंय, पण एका जागी काही सापडत नाही. म्हणून हा धागा. "कागदाच्या वासाची सर कशालाच नाही" यावर सगळ्यांचं एकमत आहे असं आधीच धरू, म्हणजे पहिले वीस प्रतिसाद वाचतील.

वाचायचा ऐवज असा धरा: निम्मी मराठी पुस्तकं (काही ईपब, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मांडणाऱ्या फायली, बरीचशी पीडीएफ, त्यातही स्कॅन केलेली), थोड्या इंग्रजी कादंबऱ्या, आणि तक्ते-आकृत्या असलेली संदर्भपुस्तकं. हाताशी टॅबलेट आहेच. मग आणखी एक डबडं कशाला, हा प्रश्न. जाहिरातीतलं नको, वापरातलं सांगा.

शाईवेडा

पडद्यापासून सुरुवात करू, कारण निम्मे फायदे-तोटे तिथूनच निघतात.

या यंत्रांच्या पडद्याला ई-इंक म्हणतात. त्यात केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. मागच्या थरातून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. व्होल्टेज काढून घेतलं तरी कण होते तिथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती पान बदलताना. पान नुसतं समोर असताना पडदा काहीच खात नाही. बॅटरी पूर्ण मेली तरी शेवटचं चित्र पडद्यावर शाबूत दिसतं ते यामुळेच.

आता तोटा, तोही इथलाच. कणांना द्रवातून पोहत जावं लागतं, त्याला वेळ लागतो. त्यामुळे स्क्रोल करणं, चिमटीने मोठं करणं, नकाशा सरकवणं हे सगळं अडखळत होतं. आधीच्या पानाची पुसट सावलीही मागे उरते. ती घालवायला यंत्र मधूनमधून अख्खा पडदा काळा-पांढरा करून घेतं. नवखे लोक याला बिघाड समजतात. तो बिघाड नाही. सावली फारच खटकत असेल तर सेटिंगमध्ये 'दर पानाला रिफ्रेश' असा पर्याय असतो. कादंबरीला त्याची गरज पडत नाही, चित्रं असलेल्या पुस्तकाला पडते.

प्रकाशाचंही सांगतो. टॅबलेटमध्ये उजेड पडद्यातून थेट डोळ्यांवर येतो. इथे दिवे कडेला बसवलेले असतात आणि त्यांचा उजेड एका पारदर्शक थरातून पडद्यावर पडतो, मग परतून आपल्याकडे येतो. भर उन्हात टॅबलेट आरसा होतो, हा पडदा उलट जास्त स्वच्छ दिसतो. उन्हात दिवा चालू ठेवून काही फरक पडत नाही, बंद करून टाका.

बोरूबहाद्दर

डोळ्यांना अजिबात त्रास होत नाही म्हणतात, ते कितपत खरं? आणि झोपेचं काय? रात्री ई-रीडर वाचल्याने झोप उडते असा एक अभ्यास सगळीकडे फिरत असतो.

अक्षरधूळ

तो अभ्यास २०१५ साली पीएनएएस या नियतकालिकात आला. गंमत अशी की शीर्षकात 'ई-रीडर' असलं तरी प्रयोगात वापरलेलं यंत्र आयपॅड होतं, तेही पूर्ण उजेडावर, झोपण्याआधी चार तास. सहभागी माणसं बारा. मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) उशिरा वाढतं आणि झोप लागायला वेळ लागतो हे त्यात दिसलं, पण ते ई-इंकबद्दल नाही. ई-इंकचा दिवासुद्धा शेवटी दिवाच आहे. पूर्ण चढवून अंधारात वाचलं तर तोही डोळ्यांत खुपेल.

डोळे थकतात त्याचं मोठं कारण म्हणजे एकटक बघणं आणि पापण्या कमी मिटणं. ते कागदावरही होतं. पडद्याने फरक पडतो तो झगझगाट आणि परावर्तन यांत. मापाची एक सोपी रीत: यंत्र समोर धरा, मागे भिंत दिसू द्या. पान भिंतीपेक्षा उजळ दिसत असेल तर दिवा खाली आणा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत. पिवळसर उजेडाची सोय असेल तर रात्री ती वापरा, पण तिच्यासाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज नाही.

झरोका

+१ अक्षरधूळ.

यात अक्षराच्या रेखीवपणाची भर घालतो. जुन्या आणि स्वस्तातल्या यंत्रांवर इंचाला १६७ किंवा २१२ ठिपके असत, आता बहुतेकांवर ३००. रोमन लिपीला २१२ खपून जातं. देवनागरीला नाही. अनुस्वाराचा ठिपका, 'ृ' चा आकडा, रफार, ही सगळी बारकी कामं आहेत. लहान अक्षरात १६७ वर 'कर्तृत्व' आणि 'कर्तुत्व' यांत फरक कळत नाही. मराठी वाचायचं असेल तर ३०० च्या खाली जाऊ नका.

बोरूबहाद्दर

आणि "दहा आठवडे बॅटरी"?

शाईवेडा

खोटं नाही, फक्त आठवडे बारीक करून मोजलेत. ॲमेझॉनच्या तळटिपेत लिहिलेलं असतं: रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, दिवा १३ वर (पट्टी २४ पर्यंत असते). २०२१ च्या पेपरव्हाइटवर (हे किंडलचं एक मॉडेल) दहा आठवडे लिहिलेत, म्हणजे ७० दिवस गुणिले अर्धा तास, झाले ३५ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला सतरा-अठरा दिवस. वायफाय चालू राहिलं की त्याहून कमी. तरी टॅबलेटच्या मानाने पुष्कळच. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बूक्ससारख्या यंत्रांना मात्र हा हिशेब लावू नका, तिथे मागे सतत काही ना काही चालू असतं.

तिरकस_वेलांटी

मूळ प्रश्नात "बरीचशी पीडीएफ" हे शब्द आहेत. खरी अडचण तिथे आहे, पडदा-बॅटरी नंतर.

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत, अख्खं पान मोठं होतं. आता हिशेब करा. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिमी. सहा इंची पडद्याची रुंदी साधारण ९१ मिमी. म्हणजे पान ४३ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचा टाइप पाच पॉइंटचा होतो. औषधाच्या बाटलीवरचं वाचायची हौस असेल तर ठीक.

त्यावर उपाय या क्रमाने करून बघा:

पहिला, समास कापा. ए-फोरवर दोन्ही बाजूंना २५ मिमी कोरं असतं, ते गेलं की मजकुराची रुंदी १६० उरते. ब्रिस नावाच्या मोफत साधनात सगळी पानं एकावर एक ठेवून चौकट आखता येते. सम-विषम पानांचे समास वेगळे असतात, ते हे साधन आपणहून वेगळे धरतं. त्यानंतर यंत्र आडवं करा. आडव्या पडद्याची रुंदी १२२ मिमी, म्हणजे १६० चे ७६ टक्के. बारा पॉइंटचे नऊ झाले. हे वाचता येतं. एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं एवढंच.

दुसरा, के-टू-पीडीएफ-ऑप्ट. हे साधन पानातले शब्द चित्रासारखे कापून छोट्या पानावर नव्याने रचतं. स्कॅनवरही चालतं. तक्ते आणि सूत्रं मात्र विस्कटतात. केओरीडर या मोफत वाचनप्रणालीत ही सोय आतच आहे.

तिसरा, मोठा पडदा. १०.३ इंची यंत्राची रुंदी १५७ मिमी, म्हणजे ए-फोरच्या तीन चतुर्थांश. समास कापले की जवळजवळ मूळ आकार. १३.३ इंचीवर तर ए-फोर जवळजवळ तसंच्या तसं बसतं.

तक्ते-आकृत्यांची संदर्भपुस्तकं सहा इंचीवर वाचायचा विचारही करू नका. त्यांना टॅबलेटच बरा. ही पुस्तकं आपण सलग वाचत नाही, मागे-पुढे उड्या मारतो, आणि त्या उड्यांमध्येच ई-इंक सगळ्यांत मंद आहे.

कोरा_कागद

पीडीएफचं कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये ईपब करून घेतलं की झालं ना? एवढा उपद्व्याप कशाला?

तिरकस_वेलांटी

होतं, पण कोणत्या पीडीएफचं ते आधी बघा. तीन जाती आहेत आणि एका मिनिटात ओळखता येतात. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, कोऱ्या पानावर चिकटवा.

मराठी अक्षरं जशीच्या तशी आली तर ती युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेली. कॅलिबरला द्या.

ओळ निवडताच आली नाही तर ते स्कॅन. त्याला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, लागेल.

रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा काला आला तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये बसवलेला आहे. त्यात 'क' च्या जागी खरोखर 'क' नसतोच, एखादं रोमन अक्षर असतं आणि फाँट त्याला 'क' चं सोंग देतो. कॅलिबर सोंग उतरवतं आणि हाती काला येतो. मराठीत बराच मजकूर वर्षानुवर्षं असाच जुळवला गेला, म्हणून ही तिसरी जात वारंवार भेटते. फाँटचं नाव पीडीएफच्या गुणधर्मांत दिसतं. त्या फाँटसाठी युनिकोड परिवर्तक मिळाला तर उत्तम, नाहीतर सरळ स्कॅन समजून ओसीआर करा.

ओसीआरला टेसरॅक्ट नावाचं मोफत साधन चालतं, त्यात मराठीची स्वतंत्र फाईल आहे. हिंदीची देऊ नका, 'ळ' ची वाट लागते. पानाची प्रतिमा इंचाला ३०० ठिपक्यांची, सरळ, करड्या रंगात. पान एक-दोन अंशांनी जरी तिरकं असलं तरी शिरोरेषा चढते-उतरते आणि ओळी तुटतात. नंतर तपासताना या जोड्या शोधा: घ-ध, भ-म, ब-व, थ-य. अनुस्वार गळतात ते वेगळेच. वाचताना 'ते' नि 'तें' ने अडत नाही, पण 'मान' आणि 'भान' ने अडतं.

युनिकोड पीडीएफ देतानाही दोन गोष्टी. ओळी मध्येच तुटल्या तर पीडीएफ इनपुटमध्ये ओळ जोडण्याचा गुणक असतो, मुळात ०.४५, तो थोडाथोडा कमी करत परिच्छेद नीट जुळेपर्यंत बघा. आणि दर पानावरचं पुस्तकाचं नाव नि पानाचा आकडा मजकुराच्या मधोमध येऊन बसतो, तो 'शोधा व बदला' मध्ये नमुना देऊन काढावा लागतो. हे केलं नाही तर ऐन रंगात आलेल्या प्रसंगात "१४७" उगवतो.

अक्षरधूळ

मराठी ईपब हातात असलं तरी यंत्र ते नीट दाखवेल याची खात्री नसते. घेण्याआधी किंवा परत करायची मुदत आहे तोवर ही चाचणी करा. एका साध्या फाईलमध्ये एवढे शब्द टाइप करून ईपब करा:

वाङ्मय, उच्छ्वास, कर्तृत्व, हृदय, शक्ती, मूर्ती, किल्ला, दर्या, दऱ्या, ॲप, ऑफिस, यज्ञ, क्षत्रिय, काळजी.

काय बघायचं? 'किल्ला' मधली पहिली वेलांटी. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनाच्या नंतर, दाखवायची असते आधी. ही अदलाबदल करणारा भाग प्रणालीत नसेल तर वेलांटी 'क' च्या उजवीकडे जाऊन पडते. 'शक्ती' त पाय मोडका 'क्' सुटा दिसला तर जोडाक्षरं जुळत नाहीयेत. 'ॲप' च्या जागी चौकट आली तर फाँट जुना आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाहीच.

'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी मुद्दाम ठेवली आहे. एकात रफार, दुसऱ्यात तो आडवा चंद्रकोरीसारखा र. काही जुन्या फायलींमध्ये हा दुसरा र न दिसणाऱ्या जोडचिन्हाने साधलेला असतो. रूपांतर करताना कुणी ते चिन्ह 'कचरा' म्हणून झाडून टाकलं की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. अशी फाईल कॅलिबरच्या संपादकात उघडा, शब्द शोधून 'ऱ' (नुक्त्याचा र) वापरून बदला.

फाँट बदलायचा तर किंडलवर संगणकाला जोडल्यावर 'फाँट्स' नावाचा फोल्डर दिसतो, त्यात फाँटची टीटीएफ किंवा ओटीएफ फाईल टाका. कोबोवर तसा फोल्डर मुळाशी आपण तयार करायचा. तिरो देवनागरी मराठी वाचनाला सुरेख आहे, आणि त्यात ल, श ही अक्षरं मराठी वळणाची आहेत. नोटो सेरिफ देवनागरीही चांगला. कॅलिबरच्या माहितीत भाषेचा रकाना 'मराठी' असा भरा. रिकामा किंवा 'इंग्रजी' राहिला तर यंत्र भलताच फाँट लावतं, शब्दकोशही चुकीचा उघडतं.

ओळींमधलं अंतर १.४ ते १.५ ठेवा. इंग्रजीसाठीच्या १.२ वर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आणि दोन्ही कडा सारख्या करू नका. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटून ते लांबतात ('विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा'), सहा इंचीवर मोठ्या अक्षरात ओळीत तीनच शब्द मावतात आणि मधे ओढ्याएवढी पोकळी. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं, हेच बरं.

झरोका

कोबोबद्दल एक पुरवणी. तिथे साधा ईपब आणि कोबोचा स्वतःचा केईपब यांना दोन वेगळी इंजिनं आहेत. साध्या ईपबमध्ये जोडाक्षरं फिसकटली तर केईपबिफाय नावाच्या छोट्या साधनातून फाईल काढून घ्या, शेवटी '.केईपब.ईपब' असं दुहेरी शेपूट येतं ते तसंच ठेवा. पानंही भरभर उलटतात. तरी नाही जमलं तर केओरीडर घाला. मराठी त्यात व्यवस्थित जुळतं.

रच्याकने, शब्दकोश हा ई-रीडरचा मोठा फायदा म्हणून सांगतात. इंग्रजीपुरता तो शंभर टक्के खरा. मराठीत 'घोड्याच्या' वर बोट ठेवलं तर कोशात 'घोडा' आहे हे यंत्राला कळायला त्या कोशात सामान्यरूपं भरलेली असावी लागतात. ती नसली की "अर्थ सापडला नाही".

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली. दर्यावाला मुद्दा तर लाखमोलाचा.

आता मालकीचं बोला. विकत घेतलेलं पुस्तक आपलं असतं का?

कोरा_कागद

नसतं. परवाना असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेली ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' ग्राहकांच्या किंडलमधून दुरून पुसून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं कारण निघालं, पैसे परत दिले, कंपनीने माफीही मागितली. पण दुरून पुसता येतं हे सिद्ध झालं, तेही नेमकं जुन्या नोंदी पुसणाऱ्या राजवटीवरच्या त्या पुस्तकाने. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ईबुकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं नाहीत. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलच्या दुकानातली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने टाकायची सोयही ॲमेझॉनने काढून घेतली.

शाईवेडा

अंशतः असहमत. यंत्र आणि दुकान यांची गल्लत होतेय. किंडल घेतलं म्हणून त्याच्या दुकानातूनच घ्यायची सक्ती नाही. नक्कल रोखणारं कुलूप नसलेली ईपब जिथे मिळतात तिथून घ्या, मूळ प्रत संगणकावर ठेवा, यंत्रावर नक्कल पाठवा. मग कुणी काही पुसलं तरी बिघडत नाही.

किंडलवर पाठवायचे दोन रस्ते. एक, 'सेंड टू किंडल': यात २०२२ पासून ईपब चालतं, मोबी (किंडलचा जुना फाईलप्रकार) मात्र २०२३ पासून नव्याने पाठवता येत नाही. फाईल त्यांच्या सर्व्हरवर बदलून येते. "फाईल पाठवता आली नाही" असा निरोप आला तर बहुतेक वेळा ईपबच्या आतली अनुक्रमणिका किंवा दुवे तुटलेले असतात; कॅलिबरमध्ये ईपब ते ईपब असं एकदा रूपांतर करून पुन्हा पाठवा. दुसरा रस्ता केबलचा: इथे ईपब टाकलं तर यंत्र त्याकडे ढुंकूनही बघत नाही. कॅलिबरमध्ये त्याचं एझेडडब्ल्यू-३ (किंडलचा स्वतःचा फाईलप्रकार) करून 'डॉक्युमेंट्स' मध्ये टाका. २०२४ च्या किंडलपासून जोडणी एमटीपी पद्धतीची झाली आहे, त्यामुळे मॅकवर यंत्र ड्राइव्हसारखं दिसत नाही, वेगळं साधन लागतं. कॅलिबर आणि दुसरं असं साधन एकाच वेळी उघडं असेल तर दोघांतल्या एकालाच यंत्र दिसतं. केबल बदलत बसू नका, एक प्रोग्रॅम बंद करा.

कोबो आणि पॉकेटबुक ईपब थेट घेतात. एवढ्या एका कारणासाठी त्यांना झुकतं माप द्यायला हरकत नाही.

कोरा_कागद

हे मान्य. टिपणांचंही तसंच करा मग. किंडलमध्ये केलेल्या खुणा 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या मजकूर-फाईलीत साठतात, कोबोत लपवलेल्या कोबो फोल्डरमधल्या एसक्यूलाइट फाईलीत. महिन्यातून एकदा तेवढी फाईल संगणकावर घ्या. यंत्र मूळ स्थितीला आणलं की पुस्तकं परत येतात, ही फाईल येत नाही.

पानपलट्या

रंगीत घ्यावं का? आणि लक्षात राहण्याबद्दल कुणी बोललंच नाही.

झरोका

रंगीताचं थोडक्यात: कॅलिडो-३ जातीच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या पडद्यावरच रंगांची जाळी बसवलेली असते. काळा मजकूर ३०० ठिपक्यांचा, रंग १५० चा, एकूण ४०९६ छटा. जाळीमुळे पान करडं दिसतं, दिवसाही दिवा लागतो. मुखपृष्ठं आणि रंगीत खुणा बऱ्या दिसतात. मुलांची चित्रांची पुस्तकं किंवा कॉमिक्स नसतील तर काळं-पांढरंच घ्या.

अक्षरधूळ

लक्षात राहण्यावर २०१८ चं एक मोठं संकलन आहे, ५४ अभ्यासांचं. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असा निष्कर्ष, कथात्मक मजकुरात फरक नाही. पण त्यातले बहुतेक 'पडदे' संगणकाचे, ई-इंकचे नाहीत. ई-इंकवरचा २०१९ चा एक अभ्यास नेमका उपयोगी आहे: ५० माणसं, २८ पानांची एकच कथा, अर्ध्यांना छापील, अर्ध्यांना किंडल. आकलन जवळपास सारखं. फरक पडला तो घटनांचा क्रम लावताना. छापील वाचणारे त्यात सरस ठरले. डाव्या हातातली पानं वाढतात, उजव्यातली घटतात, तो अंदाज यंत्रात नसतो. "साठ टक्के" हा आकडा त्याची जागा घेत नाही. म्हणून रहस्यकथा, आठवणी, एकरेषी कादंबऱ्या यंत्रावर; वंशावळ पाठ करावी लागते असल्या कादंबऱ्या कागदावर. हे शेवटचं वाक्य अभ्यासातलं नाही, आमचं आहे.

तिरकस_वेलांटी

मोडतोडीबद्दल. टॅबलेटची वरची काच फुटते, आतला पडदा बऱ्याचदा वाचतो. इथे उलट. ई-इंकच्या पाठीमागचा थर बहुतेक यंत्रांत पातळ काचेचा असतो. वर ओरखडा नसतो आणि आतून तो तडकलेला असतो. लक्षण असं की पडद्याचा एक भाग जुन्याच चित्रावर गोठतो, बाकीचा बदलत राहतो, किंवा कडेपासून सरळ रेघा येतात. पिशवीत चार्जरचा कोपरा किंवा किल्ल्या पडद्यावर टेकून वर वजन आलं की हे होतं. मऊ पिशवीवजा खोळ इथे कुचकामी, पुढची बाजू टणक असलेलं कव्हर घ्या. असा पडदा सेटिंगने सुधारत नाही. पण संगणकाला जोडून यंत्र दिसतंय का बघा. दिसत असेल तर आतलं सगळं काढून घेता येतं. दुरुस्तीची शक्यता धरून घ्यायचं असेल तर कोबोची २०२४ ची मॉडेलं बघा, त्यांचे सुटे भाग आणि मार्गदर्शन आयफिक्सिट या दुरुस्तीच्या संकेतस्थळावर आहे.

आयपीएक्स-८ (पाण्यात टिकण्याची एक श्रेणी) लिहिलेलं यंत्र गोड्या पाण्यात दोन मीटरवर तासभर तगतं असं सांगतात. साबण, खारं पाणी यात धरलेलं नाही. ओलं यंत्र पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

बोरूबहाद्दर

जुनं वापरलेलं घ्यायचं तर?

शाईवेडा

तीन गोष्टी समोरच करून घ्या. विकणाऱ्याने आपल्या खात्यातून यंत्र काढलेलं असावं. तसं नसेल तर नुसतं रीसेट करून भागत नाही. अंधाऱ्या जागी दिवा पूर्ण चढवून कोरं पान बघा, बारीक उजळ ठिपके म्हणजे प्रकाशाच्या थराला भोकं. आणि सलग तीसेक पानं उलटा. टक्केवारी डोळ्यांदेखत घसरली तर बॅटरी गेलेली आहे. मॉडेल फार जुनं असेल तर दुकानाशी ते जोडलं जाईल हे गृहीत धरू नका.

पानपलट्या

सगळ्यांचे आभार. आता ठरतंय ते असं: संदर्भपुस्तकं टॅबलेटवरच, स्कॅनपैकी वाचायची तेवढीच ओसीआर करून, बाकीसाठी सहा-सात इंची, ३०० ठिपक्यांचं, काळं-पांढरं. आधी अक्षरधूळ यांच्या शब्दांची चाचणी. एकच शेवटचं: शे-दोनशे पुस्तकं एकदम टाकली तर बॅटरी झपाट्याने उतरते असं ऐकलंय?

शाईवेडा

उतरते. यंत्र प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची सूची बनवत बसतं, ते संपेपर्यंत झोपत नाही. एखादी फाईल बिघडलेली असेल तर तिच्यावरच अडकतं आणि रोज तेच. किंडलवर ओळखायची युक्ती: शोधखिडकीत 'कखगघचछज' असं काहीतरी निरर्थक टाका. निकालात "अजून सूचीत न आलेली" पुस्तकं दिसतात. आकडा दिवसभरात कमी होत गेला तर काम चालू आहे, चार्जरला लावून ठेवा. एकाच पुस्तकावर अडला असेल तर ते पुस्तक काढा, पॉवरचं बटण चाळीस सेकंद दाबून यंत्र पुन्हा चालू करा. काढलेली फाईल कॅलिबरमधून नव्याने काढून मगच परत टाका, आणि बाकीची पन्नास-पन्नासच्या हप्त्याने.